बंद दाराच्या अलीकडे: ‘द रिमेन्स ऑफ द डे’, कादंबरी आणि चित्रपट

आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षे एक नियम पाळत आलो आहोत. एक कादंबरी निवडायची, ती सर्वांनी शेवटपर्यंत वाचायची, मग तिच्यावरून काढलेला चित्रपट किंवा मालिका एकत्र बसून पाहायची आणि त्यानंतरच तोंड उघडायचे. नियमाचा शेवटचा भाग कोणीच पाळत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्यातली एक मैत्रीण भाषांतराचे काम करते आणि तिचा जीव वाक्यरचनेत असतो. एक मित्र पेशाने हिशेबनीस असून चित्रपटाने काय काय गाळले याची नोंद तो एका वहीत, दोन रकाने आखून ठेवतो. तिसरा चित्रपट-संकलन शिकलेला आहे आणि पुस्तकप्रेमी माणसे पडद्यावर नेहमी अन्याय करतात, असे त्याचे ठाम मत आहे. चौथा मी. माझा कल पुस्तकाकडे असतो, हे आधीच कबूल केलेले बरे, म्हणजे पुढचे परीक्षण वाचताना वाचकाला आवश्यक तेवढी वजावट करून घेता येईल.

या वेळी आम्ही घेतलेली जोडी म्हणजे काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ ही १९८९ची कादंबरी आणि जेम्स आयव्हरी यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा १९९३चा चित्रपट. कादंबरी अडीचशे पानांच्या आसपास आहे, तर चित्रपट १३४ मिनिटांचा. कादंबरीला त्याच वर्षीचे बुकर पारितोषिक मिळाले आणि लेखकाला पुढे २०१७मध्ये नोबेल. चित्रपटाला ऑस्करची आठ नामांकने मिळाली, बक्षीस मात्र एकही नाही. आजवर आम्ही वाचलेल्या-पाहिलेल्या जोड्यांमध्ये ही सर्वांत समतोल निघाली आणि नेमके त्यामुळेच भांडण सर्वांत लांबले, कारण दोन्हींपैकी एक वस्तू वाईट असली की वाद पाच मिनिटांत मिटतो.

आरंभीच एक फजिती सांगितली पाहिजे. हिशेबनीस मित्राने कादंबरी ई-पुस्तकाच्या स्वरूपात विकत घेतली होती. कादंबरीची रचना प्रवासाच्या दैनंदिनीसारखी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दिवसाचा क्रमांक, वेळ आणि मुक्कामाचे गाव दिलेले असते: पहिला दिवस, संध्याकाळ, सॉल्सबरी, अशा पद्धतीने. चौथ्या दिवसाची दुपार संपते आणि पुढचे प्रकरण एकदम सहाव्या दिवसाच्या संध्याकाळी, वेमथ येथे उघडते. पाचवा दिवस नाहीच. मित्राने सरळ विक्रेत्याकडे तक्रार नोंदवली की फाइल सदोष आहे, एक प्रकरण गहाळ आहे, बदलून द्यावी. विक्रेत्यानेही बिचाऱ्याने काही न विचारता नवी प्रत पाठवली, आणि तिच्यातही पाचवा दिवस नव्हता. शेवटी भाषांतरकार मैत्रिणीने आपली छापील प्रत उघडून दाखवली तेव्हा खुलासा झाला की लेखकानेच तो दिवस लिहिलेला नाही. ज्या भेटीसाठी नायक चार दिवस गाडी चालवत आला, ती भेट चौथ्या दिवशी होते आणि त्यानंतर दोन दिवस तो लेखणी उचलत नाही. त्याच्यावर काय गुदरले हे सांगण्याचा इशिगुरोंचा मार्ग हा असा आहे. या कादंबरीत न लिहिलेली गोष्ट ही लिहिलेल्या गोष्टीइतकीच मोजून ठेवलेली असते, आणि तिचा चित्रपट करायला घेणाऱ्यापुढची पहिली अडचणही तीच.

कथानक थोडक्यात असे. स्टीव्हन्स हा इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन हॉल या मोठ्या घराण्याच्या वाड्यातला बटलर, म्हणजे सगळ्या नोकरवर्गाचा मुखत्यार. १९५६च्या जुलैमध्ये, वाडा एका अमेरिकन धनिकाच्या हाती गेल्यानंतर, तो मालकाची मोटार घेऊन पश्चिमेकडे निघतो. वीस वर्षांपूर्वी तेथे हाउसकीपर असलेल्या मिस केंटनला भेटून तिला पुन्हा नोकरीवर येण्याविषयी विचारायचे, हे त्याने स्वतःला दिलेले कारण. वाटेत तो जुन्या दिवसांविषयी लिहीत जातो: दिवंगत लॉर्ड डार्लिंग्टन, त्यांनी पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर झालेल्या अन्यायाच्या भावनेतून सुरू केलेले प्रयत्न, त्या सद्भावनेचा हळूहळू नाझींच्या हातचे बाहुले होण्यापर्यंत झालेला प्रवास, आणि या सगळ्याकडे पाठ करून चांदीची भांडी घासून घेणारा स्वतः स्टीव्हन्स. ‘थोर बटलर कोणाला म्हणावे’ आणि ‘प्रतिष्ठा म्हणजे काय’ यांवर तो पानेच्या पाने खर्च करतो, आणि वाचकाला मात्र दहाव्या-पंधराव्या पानापासून दिसू लागते की हा माणूस भलत्याच गोष्टीविषयी बोलतो आहे.

भाषांतरकार मैत्रिणीचे सगळे लक्ष या बोलण्यावर होते. स्टीव्हन्स अवघडला की ‘मी’ म्हणायचे सोडून इंग्रजीतल्या त्या त्रयस्थ सर्वनामाचा आश्रय घेतो, ज्यात बोलणारा स्वतःला गर्दीत लपवतो. हे मराठीत कसे आणायचे, असे मी विचारल्यावर ती म्हणाली की यासाठी आपल्याकडे ‘आपण’ आयते आहे. ‘आपण काय, आपले काम करत राहायचे’ असे म्हणणारा प्रत्येक माणूस नेमके हेच करत असतो. मला हे पटले. कादंबरी पुन्हा चाळताना मी मनात त्या जागी ‘आपण’ घालून वाचू लागलो आणि एखाद्या निवृत्त हेडक्लार्कच्या तोंडून ऐकावे तशी ती ओळखीची वाटू लागली. मुद्दा असा की ही कादंबरी घटनांची नाही, आवाजाची आहे. हा आवाज खोटे बोलत नाही, पण खरे सांगायची वेळ आली की विषय बदलतो. त्यामुळे रूपांतराची कसोटी किती प्रसंग राहिले आणि किती गळाले ही असूच शकत नाही. विषय बदलणाऱ्या या आवाजाच्या जागी पडद्याने काय ठेवले, एवढेच पाहायचे.

एक प्रसंग जवळून पाहू. १९२३च्या मार्चमध्ये वाड्यात आंतरराष्ट्रीय बैठक भरलेली आहे आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर स्टीव्हन्सचे वृद्ध वडील, जे स्वतः एके काळचे नावाजलेले बटलर आणि आता मुलाच्या हाताखाली नोकरीला आहेत, शेवटच्या घटका मोजत आहेत. स्टीव्हन्स खाली पाहुण्यांना पेये वाढत राहतो. निवेदनात त्याच्या मनःस्थितीविषयी एक अक्षर नाही. फक्त पाहुण्यांपैकी एक तरुण त्याला विचारतो की तुझी तब्येत ठीक आहे ना, आणि थोड्या वेळाने स्वतः लॉर्ड डार्लिंग्टन म्हणतात की तू रडत असल्यासारखा दिसतोस. स्टीव्हन्स रुमाल काढून चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीचे कारण देतो. निवेदकाच्या डोळ्यांत पाणी आले आहे हे निवेदक आपल्याला सांगत नाही. ते दुसऱ्यांच्या बोलण्यातून आपल्याला कळते. हा परिणाम गद्यातच शक्य आहे. कॅमेऱ्यासमोर चेहरा असतो, आणि चेहरा दिसत असताना प्रेक्षकापासून अश्रू लपवता येत नाहीत. फार तर ते न आणण्याचा अभिनय करता येतो. स्टीव्हन्स साकारणाऱ्या अँथनी हॉपकिन्स यांनी हा दुसरा रस्ता धरला आहे आणि तो उत्तम निभावला आहे, पण पुस्तकातला तो धक्का, की अरे, हा माणूस एवढा वेळ रडत होता, पडद्यावर येत नाही. संकलक मित्रानेही हे विनातक्रार मान्य केले आणि पहिला गुण पुस्तकाला गेला.

खरी झुंज लागली ती दारावरून.

कादंबरीत स्टीव्हन्सला एक आठवण छळते: मागच्या बोळात, मिस केंटनच्या बंद दाराबाहेर तो उभा आहे आणि आत ती रडत असावी अशी त्याची खात्री झाली आहे. आधी तो सांगतो की तिची मावशी वारल्याची बातमी आली त्या दिवशीची ही गोष्ट. पुढे त्याला शंका येते की आपला घोळ होतो आहे, आणि ही आठवण त्यानंतर काही महिन्यांनी आलेल्या एका रात्रीची आहे, ज्या रात्री मिस केंटनने दुसऱ्या माणसाची मागणी स्वीकारल्याचे त्याला सांगितले. म्हणजे तिच्या रडण्याचे कारण तोच होता, आणि त्याच्या स्मरणशक्तीने ते कारण परस्पर मावशीच्या नावावर खतवून टाकले होते. दार उघडत नाही. तो काही क्षण थांबतो आणि वाढपाचे काम खोळंबले म्हणून वर जातो. ती रडत होती की नाही हे वाचकालाही शेवटपर्यंत ठामपणे कळत नाही.

चित्रपटात दार उघडते. वाइनची बाटली हातून फुटते, तो तळघरात जाऊन दुसरी आणतो, परत येताना रडण्याचा आवाज ऐकतो आणि आत जातो. मिस केंटन झालेल्या एमा थॉम्प्सन जमिनीवर बसून हुंदके देत आहेत. ती वर पाहते. आता तो बोलेल, असे तिला आणि आपल्यालाही वाटते. आणि तो सांगतो की न्याहारीच्या खोलीबाहेरच्या छोट्या कोनाड्यातली धूळ बरेच दिवस झटकलेली दिसत नाही, तेवढे पाहावे.

हिशेबनीस मित्राने वहीत याची नोंद ‘बदल, गंभीर’ अशी केली होती. मैत्रीण म्हणाली की दार उघडल्याबरोबर कादंबरीचा मूळ न्यायच मोडला. स्टीव्हन्सने ते दार उघडले असते तर तो स्टीव्हन्स राहिलाच नसता. त्यावर संकलक मित्राचे उत्तर मला आजही आठवते आहे आणि त्याला तोड देणे मला जमलेले नाही. तो म्हणाला, “पुस्तकात दार बंद आहे कारण तिथे स्टीव्हन्स स्वतः बोलतो आहे, त्याची भाषाच ते दार आहे. पडद्यावर ती भाषा नाही, मग दार कुठे ठेवणार? म्हणून त्यांनी त्याला आत घातला आणि दार त्याच्या तोंडावर लावले. तो आत जाऊनही बाहेरच राहिला, बघ ना.” रूपांतर म्हणजे काय याविषयी जाड पुस्तके वाचून जे कळत नाही, ते या तीन-चार वाक्यांत आले आहे असे मला वाटते. दार उघडणे हा बदल आहे खरा, पण कोनाड्याच्या धुळीचे ते वाक्य हे पुस्तकातल्या शंभर पाल्हाळिक पानांचा पडद्यावरचा अर्क आहे. मी येथे दोघांनाही समान गुण देतो, आणि तेही थोडे नाखुशीने.

याच प्रसंगाशी एक कुरबुर जोडलेली आहे, जी चित्रपटाची नसून तो ज्या प्रसारण-सेवेवर आम्ही पाहिला तिची आहे. उच्चार नीट कळावेत म्हणून आम्ही इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवली होती, आणि ती निघाली श्रवणदोष असणाऱ्यांसाठी तयार केलेली, ज्यांत आवाजांचेही वर्णन येते. स्टीव्हन्स बोळातून येत असतानाच, आवाज कानावर पडण्याच्या आधी, पडद्याच्या खाली लिहून आले की स्त्री रडत आहे. ज्या क्षणावर आम्ही पुढे दोन तास भांडणार होतो तो क्षण एका कंसाने आधीच फोडून टाकला. अशा उपशीर्षकांची ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती असलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण निदान वेळ तरी जुळलेली असावी. ज्यांना गरज नाही त्यांनी शेवटच्या अर्ध्या तासात तरी ती बंद ठेवावीत. संवाद सावकाश आणि स्वच्छ आहेत, काही अडत नाही.

पुस्तक हिसकावण्याचा प्रसंग मात्र मी निःसंकोच चित्रपटाच्या पारड्यात टाकतो. एका संध्याकाळी मिस केंटन स्टीव्हन्सच्या खोलीत येते, तो काहीतरी वाचत असतो, काय ते दाखवायला तयार नसतो. ती जवळ येत जाते, तो मागे सरकतो, आणि ती त्याच्या मुठीतून एकेक बोट उलगडून ते पुस्तक काढून घेते. ते निघते साधीसुधी प्रेमकथा. कादंबरीत स्टीव्हन्स लगेच दोन पाने खुलासा देतो की इंग्रजी भाषेवरचे प्रभुत्व वाढावे म्हणून अशी पुस्तके वाचणे कसे सोयीचे असते, आणि तो खुलासा अतिशय विनोदी आहे. पण पडद्यावर त्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन चेहरे एका वितीवर येतात, तिचे लक्ष त्याच्या बोटांकडे असते आणि त्याची नजर मात्र तिच्या केसांवर खिळलेली असते, आणि त्याचा दुसरा हात हवेत उठल्यासारखा होऊन तसाच राहतो. त्या नजरेविषयी कादंबरीतला स्टीव्हन्स कधीच लिहू शकला नसता, कारण ती त्याची त्यालाच माहीत नाही. प्रथमपुरुषी निवेदनाची ही मर्यादा आहे आणि कॅमेऱ्याने नेमकी तिच्यात पाचर मारली आहे. अशीच आणखी एक जागा म्हणजे पायऱ्यांवर ठेच लागून पडलेले वडील पुन्हा पुन्हा त्याच फरशांवरून चालून, हरवलेला दागिना शोधावा तसे खाली पाहत राहतात ती. शब्दांतली उपमा आणि पडद्यावरची पीटर वॉन यांची चाल, दोन्ही तोलामोलाच्या आहेत.

पटकथेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आधी नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी दिग्दर्शक माइक निकल्स यांच्यासाठी पटकथा लिहिली होती. नंतर चित्रपट निर्माते इस्माईल मर्चंट आणि आयव्हरी यांच्याकडे आला, रूथ प्रवर झाबवाला यांनी तो नव्याने लिहिला आणि पिंटर यांनी आपले नाव श्रेयनामावलीतून काढून घ्यायला लावले. झाबवाला स्वतः बुकर मिळवलेल्या कादंबरीकार, आणि लग्नानंतर त्यांनी जवळपास पाव शतक दिल्लीत काढलेले. मर्चंट तर मूळचे मुंबईचेच. इंग्रजांच्या वाड्यातल्या शिष्टाचारावरचा सर्वांत इंग्रजी वाटणारा चित्रपट काढणाऱ्यांत एक मुंबईकर, एक कॅलिफोर्नियाचा अमेरिकन आणि एक जर्मनीत जन्मलेली लेखिका होती, आणि मूळ कादंबरी नागासाकीत जन्मलेल्या माणसाची होती, हे मला फार आवडते. आतला माणूस ज्या गोष्टीला रीत म्हणून सोडून देतो ती बाहेरच्याला दिसते.

झाबवाला यांनी केलेल्या बदलांपैकी सर्वांत ठळक म्हणजे दोन पात्रांचे एकत्रीकरण. कादंबरीत १९२३च्या बैठकीत यजमानांना भाबडे हौशी लोक म्हणून खडे बोल सुनावणारा अमेरिकन राजकारणी लुइस वेगळा, आणि १९५६मध्ये वाडा विकत घेणारा फॅरडे वेगळा. चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह यांनी साकारलेला लुइस हाच पुढे वाड्याचा मालक होतो, आणि ती बैठकही १९३०च्या दशकात ढकलली आहे. आमच्याकडे ‘सिंहासन’ करताना विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकाच पटकथेत ओवल्या होत्या, त्यामुळे अशा जोडकामाचे मराठी प्रेक्षकाला वावडे असण्याचे कारण नाही. नाट्याच्या दृष्टीने येथेही फायदा झाला आहे: ज्याचे ऐकले नाही तोच शेवटी घराचा धनी होतो. पण तोटा मला मोठा वाटतो. कादंबरीत लॉर्ड डार्लिंग्टन यांची घसरण दशकाहून अधिक काळ चाललेली आहे. १९२३मध्ये त्यांची जर्मनांविषयीची कणव रास्त आणि उदार वाटते, आणि नंतरच्या वर्षांत, त्याच कणवेच्या पायी ते घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढायला सांगतात. भला माणूस इतका हळू बिघडतो की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बटलरला ते कळत नाही. चित्रपटात सगळे काही वर्षांत दाबून बसवल्यामुळे जेम्स फॉक्स यांचे डार्लिंग्टन पहिल्यापासूनच थोडे मूर्ख वाटतात, आणि मग स्टीव्हन्सही थोडा आंधळा वाटू लागतो. वहीतला हा बदल गंभीर या शेऱ्याला पात्र होता. मित्राने तो ‘किरकोळ’मध्ये घातला होता.

दुसरा बदल याहून सूक्ष्म. प्रवासात स्टीव्हन्स अनोळखी लोकांपुढे लॉर्ड डार्लिंग्टन यांच्याकडे नोकरीला असल्याचे नाकारतो, हे दोन्हीकडे आहे. चित्रपटात मात्र तो गावच्या डॉक्टरपाशी ते कबूल करतो आणि पुढे जाऊन सुचवतो की आपल्या हातून झालेली एक चूक दुरुस्त करायला आपण निघालो आहोत. म्हणजे आपण मिस केंटनसाठी चाललो आहोत हे त्याला ठाऊक आहे. पुस्तकातल्या स्टीव्हन्सला हे ठाऊक नाही. तो अखेरपर्यंत नोकरवर्गाच्या वेळापत्रकातल्या त्रुटींविषयीच बोलत राहतो, आणि भेट उरकून, ती बसमध्ये चढण्याच्या जरा आधी, पूर्ण कादंबरीत एकदाच, एका ओळीत लिहून टाकतो की त्या क्षणी आपले काळीज फाटत होते. दोनशे पाने दाबून धरलेली ती ओळ आहे. डॉक्टरपाशी ती आधीच खर्चून टाकल्यामुळे चित्रपटाला शेवटी हातांवर अवलंबून राहावे लागते: पावसात बस निघते, धरलेले हात सुटतात, ती रडते आहे, तो टोपी उचलतो. दृश्य सुंदर आहे, संगीतही आवरलेले आहे, पण ओळीचे वजन त्याला नाही.

आणि वेमथचा समुद्रात गेलेला धक्का, म्हणजे पिअर, आणि त्यावरचा प्रसंग तर गाळलाच आहे. कादंबरी जेथे संपते तेथे बाकावर स्टीव्हन्सच्या शेजारी एक अनोळखी म्हातारा येऊन बसतो, तोही एके काळी बटलरकी केलेला. त्याच्यापुढे स्टीव्हन्स म्हणतो की लॉर्डसाहेबांना निदान स्वतःच्या चुका तरी करता आल्या, आपल्याला तेवढेही म्हणता येत नाही. आणि म्हातारा त्याला आपला रुमाल पुढे करतो. चित्रपटात संध्याकाळी धक्क्यावरचे दिवे लागण्याचा क्षण मिस केंटनसोबत दाखवला आहे आणि हा म्हातारा नाही. मैत्रीण म्हणाली, हे तिला माफ करता येणार नाही, आणि या एका बाबतीत संकलक मित्रही गप्प राहिला. प्रेमकथा पूर्ण करण्याच्या नादात चित्रपटाने स्टीव्हन्सचे दुसरे दुःख, म्हणजे आयुष्य भलत्याच माणसाच्या पायी वाहिल्याचे, अर्ध्यावर सोडले आहे.

निवेदकाचा आवाज पडद्यावर आणणे अशक्यच आहे का, या प्रश्नावर आम्ही इतर जोड्या काढून पाहिल्या. इयन मॅक्यूअन यांच्या ‘अटोनमेंट’मध्ये सगळी कथा मुळात एका पात्रानेच लिहिलेली आहे हे शेवटी उघड होते. २००७च्या चित्रपटात टाइपरायटरची टकटक आरंभापासून पार्श्वसंगीतात मिसळली आहे, त्यामुळे लेखिकेचे अस्तित्व आपण आधी ऐकतो आणि मग समजतो. या संगीताला ऑस्कर मिळाले ते योग्यच झाले. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा प्राण मुकुंदाच्या शाळकरी बोलीत आहे, सुजय डहाके यांच्या चित्रपटाने त्या बोलीपेक्षा मुलांच्या चेहऱ्यांवर भिस्त ठेवली, आणि आमच्या मते निम्मे मिळवले, निम्मे गमावले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या १९९५च्या मालिकेतले गाजलेले तळ्याचे दृश्य कादंबरीत नाही आणि त्यावाचून कादंबरीचे काही बिघडलेही नव्हते. सॅली रूनी यांच्या ‘नॉर्मल पीपल’ची बारा भागांची मालिका मला मूळ पुस्तकाइतकीच आवडली, पण तेथे स्वतःपासून लपणारा निवेदक नसल्यामुळे काम सोपे होते.

घ्यावे का, आणि कोणत्या क्रमाने? दोन्ही घ्यावेत. कादंबरी आधी वाचावी, आणि मध्ये निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे प्रसंग पुसट होऊन आवाज तेवढा कानात उरतो. आम्ही दोनच दिवसांचे अंतर ठेवले, ही चूक झाली, कारण त्यामुळे पहिला तासभर आम्ही चित्रपट पाहत नव्हतो, तपासत होतो. ज्यांना पहिल्या पन्नास पानांतले बटलरांच्या थोरवीचे चऱ्हाट सोसणार नाही असे वाटते, त्यांनी उलट्या क्रमाने जायला हरकत नाही. हॉपकिन्स यांचा आवाज कानात घेऊन वाचले तर तीच पाने हसवतात. इंग्रजीची सवय बेताची असणाऱ्यानेही घाबरू नये. वाक्ये लांब असली तरी स्टीव्हन्स अवघड शब्द वापरण्यापेक्षा सोप्या शब्दांना इस्त्री करून घालतो.

हिशेबनीस मित्राच्या वहीत या जोडीसाठी ‘गाळलेले’ या रकान्याखाली सोळा नोंदी झाल्या. सोळावी होती ‘पाचवा दिवस’, आणि पुस्तकानेच तो गाळलेला असल्याने नियमाप्रमाणे ती त्याने खोडली होती. निघताना संकलक मित्राने वही मागून घेतली, ती ओळ पाहिली आणि आम्हाला शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला. बस जाते, स्टीव्हन्स गाडीत बसतो, आणि पुढच्या दृश्यात एकदम डार्लिंग्टन हॉल: तो पुन्हा कामाला लागलेला, चेहरा कोरा. मध्ये किती दिवस गेले, तो रात्री कोठे थांबला, काहीच नाही. “हा घ्या तुमचा पाचवा दिवस,” तो म्हणाला, आणि दोन दृश्यांच्या मधल्या त्या सांध्यावर त्याने चित्र थांबवून ठेवले.